सोलापूरच्या ऑक्टोबरात भुताटकी पार्टी: मसालेदार सफरचंदी सायडर, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

विलायती पाककृतींमधला शरद ऋतू म्हणजे धुकं, पानगळ, लोकरीचे मोजे आणि हातात वाफाळता सायडर. आपल्याकडेही ऑक्टोबर म्हणजे शरदच, पण सोलापूरचा. दुपारी पारा तिशीच्या वर, आणि संध्याकाळी सात वाजता गच्चीची फरशी अजून कोमट. अशा हवेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या, म्हणजे विलायती भुताखेतांच्या रात्रीच्या, पार्टीला कुणाच्या हातात उकळता ग्लास ठेवलात, तर पाहुणे भुताला नाही, यजमानाला घाबरतील.

म्हणून इथली कृती एका गोष्टीवर उभी आहे. मसाला गरम रसात उतरवायचा, पेय मात्र बर्फावर द्यायचं. एवढ्याशा बदलाने गोडी, आंबटपणा आणि मसाल्याचं माप सगळंच हलतं. गरम सायडरची कृती जशीच्या तशी करून नुसती फ्रिजमध्ये ठेवली तर ती दुसऱ्या दिवशी फिकी लागते. त्याचं कारण पातेल्यापाशी पोचलो की सांगते.

आणखी एक नियम आधीच ठरवून टाका: पातेलं बिनदारूचं. रम ज्याच्या त्याच्या ग्लासात. सोलापुरातल्या कुठल्याही घरच्या पार्टीत न पिणारी निम्मी मंडळी असतात, पोरं असतात, आणि 'सहज डोकावलो' म्हणत येणारे शेजारचे अण्णाही असतात. एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढता यायला हवं.

सायडर म्हणून नक्की काय आणायचं

ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला, चढणारा रस. अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं तर न आंबवलेला, गढूळ, ताजा रस. हॅलोवीनच्या बहुतेक कृती अमेरिकन असतात, त्यामुळे 'दोन लिटर सायडर घ्या' असं वाचून वाइन शॉपकडे वळू नका. फळवाल्याकडे जा.

या रात्रीशी सफरचंदाचं नातं जुनं आहे. हॅलोवीनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या 'साविन' या जुन्या सणात सांगतात. सुगी संपून अंधारा हिवाळा सुरू होण्याची ती वेळ. बागेतली सफरचंदं नुकतीच उतरवलेली असायची, म्हणून खेळही त्यांचेच. पाण्याच्या टबात तरंगणारं सफरचंद हात न लावता दातांनी पकडायचं, किंवा दोरीला टांगलेलं सफरचंद चावायचं. आपल्या दहीहंडीला शोभेल असाच दंगा. भोपळा नंतर आला. तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा मोठा आणि कोरायला सोपा सापडला.

आता खरेदी. ऑक्टोबरमध्ये काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदं बाजारात भरपूर असतात. लक्ष्मी मंडईत फिरताना गडद लाल, चकचकीत डिलिशस जातीवर नजर जाते, पण ती नुसती गोड असते. रसाला थोडा आंबटपणा हवा. दोन किलो घेणार असाल तर दीड किलो लाल आणि अर्धा किलो हिरवी, आंबट घ्या. हिरवी महाग वाटली तर सगळी लाल घ्या आणि एक लिंबू जास्त ठेवा, काही बिघडत नाही. विकणाऱ्या मावशींना 'रस काढायचाय' असं सरळ सांगा. थोडी मार लागलेली फळं त्या स्वस्तात देतात, आणि रसासाठी ती चालतात. फक्त सडलेली किंवा बुरशी आलेली नकोत. बुरशीचा भाग कापून उरलेलं वापरायचा मोहही नको.

मी सगळा रस घरी काढायच्या भानगडीत पडत नाही. एक लिटर तयार रस आणि एक लिटर घरचा, हे गणित पहिल्यांदा करणाऱ्याला झेपतं. तयार रस घेताना खोक्याची मागची बाजू वाचा. शंभर टक्के रस हवा. पाणी-साखर घातलेलं 'फ्रूट ड्रिंक' नको. फसफसणारं सफरचंदी पेय तर अजिबात नको, कारण ते तापवलं की नुसता साखरेचा पाक उरतो.

बारा-चौदा ग्लासांसाठी सामान

सफरचंदाचा रस दोन लिटर (वर सांगितल्याप्रमाणे अर्धा तयार, अर्धा दोन किलो फळांचा)
दालचिनीच्या बोटभर लांबीच्या चार काड्या, सजावटीला वेगळ्या
लवंगा आठ
चक्रीफुलं दोन
काळी मिरी सहा दाणे
आल्याचा इंचभर तुकडा, ठेचून
जायफळ, किसणीवर चार-पाच घासे
एका संत्र्याची साल, आतला पांढरा भाग काढून
चिरलेला गूळ पाव वाटी
लिंबं पाच-सहा
डाळिंबं तीन, मोठी
साखर अर्धी वाटी
सोड्याच्या दोन बाटल्या
डार्क रमचा एक खंबा, म्हणजे ७५० मिली
आणि बर्फ, तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट.

मसाल्यासाठी मधल्या मारुतीच्या बाजारात गेलात तर दुकानदार दालचिनी म्हणून जाडजूड साल काढून देईल. ती कॅशिया. वासाला झणझणीत, काळ्या मसाल्याला उत्तम. पातळ, कागदासारख्या थरांची गुंडाळी असते ती सिलोनची. तिचा वास मऊ आणि गोडसर. या पेयाला सिलोनची मिळाली तर बरी, नाही तर कॅशियाच्या चारऐवजी तीन काड्या घ्या. 'अण्णा, मसाल्याची नको, चहाची द्या' असं म्हटलं की बहुतेक वेळा योग्य बरणी उघडते.

पूड मात्र कशाचीच घेऊ नका. दळलेली दालचिनी रसात विरघळत नाही, तळाशी चिखल होतो आणि शेवटचा घोट घशात अडकतो. घरी येसर किंवा काळा मसाला असेल तर तोही कपाटातच राहू द्या, कितीही मोह झाला तरी.

रस काढणं

सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण साठवणुकीतल्या फळांवर मेणाचा थर असू शकतो. चार फोडी करा आणि बियांचा गाभा काढून टाका. बिया मिक्सरमध्ये फुटल्या की रस कडवट होतो. साल राहू द्या, रंग आणि वास सालीतच असतो.

किलोमागे अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरमधून फिरवा आणि लगेच एका लिंबाचा रस पिळा. सफरचंद कापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळवंडतं. लिंबामुळे ते मंदावतं. रस थोडा तपकिरी झाला तरी घाबरू नका, सायडरचा रंग तसाच असतो.

गाळायला धुतलेला पंचा किंवा जुनं सुती धोतर घ्या. आपला टॉवेल देशभर जात असला तरी रस गाळायला तो कुचकामी: त्याच्या गाठींत निम्मा रस मुरतो आणि उरलेल्यात धागे उतरतात. पंच्याची पोटली करून पिळा. दोन किलोंतून साधारण लिटरभर गढूळ रस निघेल. चोथा फेकू नका, त्याचं शेवटी सांगते.

पातेल्यातला अर्धा तास

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. पितळेचं असेल आणि कल्हई उडालेली असेल तर त्यात आंबट रस तापवणं धोक्याचं आहे, अल्युमिनियमही नको.

पातेलं रिकामं असतानाच मंद आचेवर दालचिनी, लवंगा, चक्रीफूल आणि मिरी मिनिटभर परतून घ्या. वास सुटला की मसाला काढून मलमलच्या तुकड्यात सैलसर पोटली बांधा. पोटलीचा दोरा लांब ठेवा म्हणजे ती केव्हाही बाहेर काढता येते. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. लवंग जास्त वेळ राहिली की पेय दातदुखीच्या औषधासारखं लागतं, आणि दालचिनी फार उकळली की रस बुळबुळीत होतो.

रस, गूळ, ठेचलेलं आलं आणि पोटली पातेल्यात घालून गॅस मध्यम ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच एकदम कमी करा. खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. उकळी आली की सफरचंदाचा ताजा वास वाफेबरोबर जातो आणि चव मुरांब्याकडे झुकते. कोजागरीचं मसाला दूध आटवताना जसं पातेल्यापासून हलता येत नाही, तसंच इथेही, फक्त ढवळायचे कष्ट कमी.

दहा मिनिटांनी एक चमचा काढा, फुंकर घाला, चाखा. लवंग पुढे आली असेल तर पोटली लगेच काढा. नसेल तर आणखी दहा मिनिटं द्या. शेवटच्या पाच मिनिटांत संत्र्याची साल टाका. आधीपासून टाकली तर कडूपणा उतरतो. गॅस बंद केल्यावर जायफळ किसा. जायफळ कमीच बरं, जास्त झालं की सगळ्या मसाल्यांवर पांघरूण घालतं.

आता ते मघाशी टाळलेलं कारण. जीभ थंड पदार्थातली गोडी कमी ओळखते, आणि थंड पेयातून वासही कमी उठतो. त्यात बर्फ वितळून पाणी होतं ते वेगळं. म्हणजे गरम असताना 'अगदी बरोबर' लागलेलं पेय ग्लासात पोचेपर्यंत निम्मं होऊन जातं. म्हणून पातेल्यातला रस कोमट असताना तुम्हाला जरा जास्त वाटला पाहिजे: गोडी एक पायरी वर, मसाला एक पायरी वर. खात्री नसेल तर वाटीभर रस बर्फाच्या दोन तुकड्यांवर ओता, ढवळा आणि मग चाखा. हीच एक परीक्षा खरी. कमी वाटलं तर गूळ वाढवा, पोटली पुन्हा पाच मिनिटं सोडा. आंबटपणा मात्र इथे वाढवू नका, लिंबू ग्लासात येणार आहे.

साल आणि आलं काढून रस पुन्हा गाळा. पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून रस निववा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या दिवशी केलेला रस जास्त चांगला लागतो, मसाले एकमेकांत मुरतात. तळाशी थोडा गाळ बसेल; वाढण्याआधी ढवळला की झालं. आटून आणि गाळून साधारण पावणेदोन लिटर हाती लागेल. तीन-चार दिवस तो फ्रिजमध्ये सहज राहतो.

रक्त, म्हणजे डाळिंब

इथे सोलापूरकर जगाच्या एक पाऊल पुढे आहेत. विलायती पार्टीत लाल रंगाच्या बाटलीतून जे ओघळ काढतात, ते आपल्याकडे झाडाला लागतं. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि डाळिंबावरचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा शहराबाहेर केगावला आहे. भगवा जातीचे दाणे घ्या, त्यांचा रंग गडद असतो.

तीन डाळिंबं सोलून दाणे काढा. मूठभर दाणे सजावटीला बाजूला ठेवा. उरलेले मिक्सरमध्ये नुसतं एक-दोन वेळा 'गुर्र' करून थांबवा. बिया भरडल्या गेल्या की तुरट लागतं. चाळणीवर चमच्याने दाबून रस काढा. दीड वाटी रसात अर्धी वाटी साखर घालून मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा, शेवटी लिंबाचे चार थेंब. बशीत थेंब टाकून बशी तिरकी करा. थेंब हळूहळू ओघळला पाहिजे. पळाला तर अजून आटवा, जागचा हललाच नाही तर चमचाभर पाणी घाला. पाक फार घट्ट झाला तर बर्फाला लागताच गोळीसारखा कडक होतो आणि सगळी मजा जाते.

साखरेमुळे हा पाक पेयापेक्षा जड असतो, म्हणून तो तळाकडे जातो. आपल्याला हवे असलेले लाल ओघळ त्यातूनच मिळतात.

रमबद्दल, थोडं कायद्याचंही

सफरचंद आणि गुळाला डार्क रम सगळ्यात जवळची. आपली साधी भारतीय डार्क रम पुरेशी आहे; ती बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. उंची व्हिस्की या मसाल्यात बुडवण्यात अर्थ नाही. ब्रँडी चालते, व्होडका चालते पण चवीत काहीच भर घालत नाही.

माप ४५ मिली, म्हणजे दीड छोटा पेग. खंब्यातून असे सोळा ग्लास निघतात. पातेल्यातला रस चौदा ग्लासांचा आहे, तेव्हा एक खंबा पुरतो आणि दुसरा आणायचा प्रश्न येत नाही, आणूही नका. एका ग्लासातली दारू ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरपेक्षा थोडी जास्तच भरते, आणि गोडीमुळे ते जिभेला कळत नाही. 'ज्यूसच तर आहे' म्हणत चौथा ग्लास मागणारा भाऊजी प्रत्येक घरात असतो. त्याच्या मोटरसायकलची किल्ली आधीच ताब्यात घ्या.

महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसाठी वयाची अट २५ पूर्ण ही आहे. २१ ची सूट फक्त बिअर आणि वाइनपुरती. पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना नाममात्र शुल्कात दुकानातच मिळतो, बिलाबरोबर मागून घ्या. घराऐवजी हॉलवर किंवा फार्महाऊसवर पार्टी असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तात्पुरत्या परवान्याची चौकशी आधी करा. कार्तिकी एकादशी काही वर्षं नोव्हेंबरच्या अगदी पहिल्या दिवसांत येते आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात; तेव्हा बाटली शेवटच्या दिवसावर ठेवू नका, दुकान बंद सापडेल. आणि 'रस आंबवून अस्सल सायडरच करू' असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं गुन्हा आहे.

रम गरम पातेल्यात ओतू नका. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, त्याची वाफ पेट घेते, आणि गॅस चालू असेल तर भडका उडू शकतो. 'उकळली की दारू उडून जाते, मग मुलांनाही चालेल' हाही गैरसमज आहे. बराच भाग तसाच राहतो.

ग्लास भरणं

दोन नावं ठेवा, गोंधळ होत नाही. बिनदारूचा ग्लास 'मुंजा', रमचा 'वेताळ'. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला पोरगा पिंपळावर बसतो तो मुंजा. त्याला रम देणं बरं दिसत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळ्या रंगाचे ग्लास किंवा गळ्याला वेगवेगळा दोरा बांधा. अंधारात, मुखवटे घातलेल्या गर्दीत नुसत्या सांगण्यावर भरवसा नको.

बर्फ आदल्या रात्री स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये लावा. मोठा तुकडा हळू वितळतो, पेय पाणचट होत नाही. प्रत्येक वाटीत दोन-तीन डाळिंबाचे दाणे टाकले की बर्फातून कुणीतरी बघतंय असं वाटतं. पाणी पिण्याचंच घ्या. बोअरच्या पाण्याचा खारटपणा बर्फात तसाच उतरतो. नळाची पाळी कधी आहे तेही बघून ठेवा, चौदा जणांचे ग्लास धुवायला पाणी लागतं.

मग एकेक ग्लास असा: बर्फाचा मोठा तुकडा, ४५ मिली रम, दोन चमचे लिंबाचा रस, १२० मिली मसाला रस. लांब चमच्याने दहा-बारा वेळा ढवळा. वरून दोन-तीन बोटं सोडा, आणि आता ढवळायचं नाही. चमचाभर डाळिंबाचा पाक ग्लासाच्या आतल्या कडेवरून हळूच सोडा. तो काचेवरून लाल रेघा काढत खाली जाईल. फोटो काढायचा असेल तर तो याच क्षणी. पाच मिनिटांनी सगळं गुलाबी होतं. 'मुंजा' करताना रम वगळून मसाला रस १५० मिली घ्या आणि लिंबू थोडं कमी.

वर ठेवायला सफरचंदाची आडवी, पातळ चकती. सफरचंद देठापासून उभं न कापता आडवं कापलं की मधोमध बियांची पाच टोकांची चांदणी दिसते. चकत्या लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवा, पांढऱ्या राहतात.

धूर हवाच असेल तर

परदेशी पार्ट्यांमध्ये कोरडा बर्फ ग्लासात टाकून धूर काढलेला दिसतो. मी तो टाळते. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. बोटाला लागला तरी कातडी भाजते, तुकडा गिळला गेला तर आतून इजा होते, आणि बंद खोलीत हवा कोंडते. कुणी आणलाच तर ग्लासात नाही, मोठ्या परातीत गरम पाण्यावर, चिमट्याने, खिडक्या उघड्या ठेवून.

आपल्याकडे त्याहून चांगला उपाय देवघरात पडलेला असतो. धुपाटण्यात नारळाच्या शेंडीचा निखारा आणि त्यावर चिमूटभर ऊद. खोलीत असा धूर भरतो की हडळीलाही ठसका लागावा. बाटल्यांचं टेबल मात्र त्यापासून लांब.

ग्लासाला धुराचा वास द्यायचा असेल तर दालचिनीच्या काडीचं टोक पेटवा, विझवून धुमसत ठेवा आणि त्यावर कोरडा ग्लास उपडा घाला. अर्ध्या मिनिटाने ग्लास सरळ करून लगेच भरा. हे आधी करून पाहुण्यांसमोर पुन्हा केलं तर दाद मिळते.

सजावटीत फार खर्च नको. मंडईतला लाल भोपळा वरून टोपीसारखा कापा, गर खरवडा, डोळे-दात कोरा आणि आत पणती ठेवा. दिवाळीच्या पणत्या याच दिवसांत रस्त्यावर ढिगाने असतात. निघालेल्या गराचे गूळ घालून घारगे होतात, तेच पार्टीत गोडाला. खायला कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर दह्याचा गोळा ठेवलात तर या गोड पेयाला तिखटाची जोड मिळते. उपाशीपोटी 'वेताळ' कुणालाही देऊ नका. भाकरी आधी, ग्लास नंतर.

उरलेलं

चोथ्यात गूळ आणि मसाल्याच्या पोटलीतली दालचिनी घालून घट्ट होईपर्यंत शिजवा. पोळीबरोबर चार दिवस खाता येतो. पाक उरला तर बाटलीत भरून फ्रिजमध्ये, सोड्यात किंवा ताकात चमचाभर.

मसाला रस उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेहून गारठून परत आल्यावर तो गरम करून कपात द्यायला येतो. तेव्हा मात्र बर्फासाठी वाढवलेली गोडी जास्त वाटेल, म्हणून कपामागे दोन-तीन चमचे पाणी घाला, आणि लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद करून.